अनुभव धागा: इंग्लंडमधली सुगीची दुपार

जुलैत जव निघतं, पाठोपाठ रेपसीड हे तेलबियांचं पीक आणि ऑगस्टात गहू. इंग्लंडच्या खेड्यांत फिरायला आपण नेमके याच दिवसांत जातो आणि सगळं किती निवांत आहे म्हणतो. शेतकऱ्याच्या मात्र वर्षभरातल्या धावपळीचे हेच दिवस. ज्यांनी ती दुपार जवळून पाहिली असेल, त्यांनी इथे जरूर लिहा. हातचं राखू नका.

*

कृषी पदवीनंतर इकडे शिकायला आलो, तेव्हा सुगीत लिंकनशायरमधल्या एका शेतावर कामाला होतो. सकाळी ऊन पडलं तरी कंबाइन, म्हणजे कापणी-मळणीचं यंत्र, शेडमध्येच. मालक सारखा शेतात जायचा, चार ओंब्या तळहातावर चोळायचा, भुसा फुंकायचा आणि एक दाणा दाताखाली धरायचा. कट्कन फुटला की मूठभर गहू ओलावा मोजायच्या यंत्रात. साठवायच्या गव्हात ओलावा साधारण १५ टक्क्यांच्या आत लागतो. रात्रीचं दव सुकेपर्यंत तो आकडा खाली येत नाही, त्यामुळे खरं काम सुरू होतं दुपारीच.

ओला काढला तर ड्रायरमध्ये वाळवायचा, म्हणजे इंधनाचा खर्च आला. थांबावं तर पावसाची भीती. पिकलेला गहू भिजत राहिला की दाण्याला ओंबीतच कोंब फुटतात आणि पावासाठी जाणारा माल जनावरांच्या खाद्याच्या भावात जातो. त्या दुपारी मालकाच्या तोंडाकडे बघवत नसे. तेरवाच्या पावसाचा अंदाज आणि आजचा आकडा, दोन्ही त्याच्या डोक्यात.

एकदा कंबाइन चालू झालं की थांबवत नाहीत. शेजारून ट्रॅक्टर त्याच वेगाने हाकायचा आणि वरच्या नळीतून गव्हाची धार ट्रेलरमध्ये घ्यायची. जरा पुढेमागे झालं की गहू जमिनीवर. मालकीणबाई सँडविच आणि फ्लास्कमधून चहा घेऊन यायच्या, तो बांधावर उभ्यानेच प्यायचा. रात्री पुन्हा दव पडेपर्यंत दिवे लावून काम चालायचं.

*

आम्ही बकिंगहॅमशायरमध्ये, चिल्टर्न टेकड्यांच्या पायथ्याशी राहतो. इथल्या सार्वजनिक पायवाटा थेट शेतांतून जातात, आणि उभ्या पिकातूनही मालकाला किमान एक मीटर वाट मोकळी ठेवावी लागते. मुलांना घेऊन त्या वाटेने गेलो की दोन्हीकडे गहू त्यांच्या छातीला लागतो. कंबाइन चालू असलं तर वर लाल घारी घिरट्या घालतात, कापलेल्या रानात उंदीर उघडे पडतात म्हणून. इंग्लंडमधून त्या नाहीशा झाल्या होत्या. १९८९ पासून स्पेनहून आणून इथे सोडल्या. आता मुलांना त्यांचं अप्रूपही राहिलेलं नाही, हे मला फार आवडतं.

*

माझे सासरे निफाडकडचे, गहू त्यांचा हातचा. डॉर्सेटला नेलं तर समुद्र सोडून ते कुंपणाशी उभे. शेतकरी आजोबा ट्रॅक्टरवरून उतरून आले. मी मधे दुभाषी.

"काडाचं काय करता, विचार बरं त्यांना."

जवाचं काड गुरांच्या खाण्यात, गव्हाचं त्यांच्या अंथरुणाला, उरलेलं बारीक करून रानातच. "आणि पूर्वी?" पूर्वी जाळायचे. १९९३ पासून बंदी आली. आजोबा म्हणाले, त्या दिवसांत धुरामुळे रस्ता दिसायचा नाही. बाबा म्हणाले, "आमच्याकडं अजून पेटवतात काही जण. सांग त्यांना." मग दोघं बराच वेळ मातीवर बोलले. बाबांनी ढेकूळ फोडून दाखवलं, तिथे माझी गरजच उरली नाही.

*

१९ जुलै २०२२ कुणी विसरलं नसेल. आमच्या लिंकनशायरमध्येच, कॉनिंग्सबीला ४०.३ अंश नोंदले गेले. वाळलेल्या पिकाला ठिणगी पुरते. शेजारच्या शेतकऱ्याने मळणीच्या रानाशेजारी पाण्याची टाकी आणि नांगर जोडलेला ट्रॅक्टर तयार ठेवला होता, आग लागलीच तर पुढचा पट्टा नांगरून ती अडवायला. विदर्भात बालपण गेलेली मी, पण तशी धास्ती उन्हाची कधी घेतली नव्हती.

*

डेव्हनमधल्या गवती छपरांच्या घरांचे फोटो सगळे काढतात. ते काड कंबाइनमधून निघत नाही, त्यात त्याचा चुरा होतो. त्यासाठी मॅरिस विजनसारखा उंच वाढणारा जुना गहू वेगळा लावतात, बाइंडरने कापून पेंढ्या बांधतात आणि एकमेकींना टेकवून उभ्या वाळवतात. मी त्या उचलू लागले होते. हातांवर ओरखडे उठतात, पण वास अगदी आमच्या खळ्याचा.

*

सुगी संपली की चर्चमध्ये हार्वेस्ट फेस्टिव्हल. आजच्या स्वरूपात त्याची सुरुवात १८४३ मध्ये कॉर्नवॉलमधल्या मॉरवेन्स्टोच्या पाद्र्यांनी, रॉबर्ट हॉकरांनी केली असं मानतात. आमच्या गावात भाज्या आणि पावांबरोबर आता फूड बँकेसाठी डबाबंद वस्तूही ठेवतात. आम्ही तूरडाळ दिली. व्यवस्था बघणाऱ्या बाईंनी ती शिजवायची कशी हे लिहून मागितलं, तेव्हा बायकोने फोडणीसकट पानभर लिहून दिलं.