आयव्हीएफमधल्या पिकअपच्या (सुईनं स्त्रीबीज काढायच्या) आदल्या रात्री तुमचं काय झालं होतं?

शेवंती: मामेबहिणीचा फोन होता, "ताई, परवा एग पिकअप, झोपच लागत नाही." माझं सगळं वर आलं. सुईचं मला काही नव्हतं, पण घरात एकच पालुपद, "टेन्शन घेतेस म्हणून राहत नाही." म्हणजे चिंतेचीही चिंता! धंतोलीतल्या समुपदेशक मॅडमनी ते डोक्यातून काढलं. 2011 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 14 अभ्यास एकत्र तपासलेत, साडेतीन हजारांवर बायका. उपचाराआधीच्या ताणानं गर्भ राहायची शक्यता कमी झालेली दिसली नाही. "घाबर खुशाल," म्हणाल्या. मी तिथंच रडले. मग ऑपरेशन थिएटरमध्ये कोण असेल, सलाईन, भूल, उठल्यावर पोटात कळ येईल, सगळं क्रमानं सांगितलं. तुमचंही लिहा न, तिला वाचायला देते.

संत्राबर्फी: ट्रान्सफरला, म्हणजे गर्भ आत सोडताना, ब्लॅडर फुल ठेवायला लावतात. पाणी पिऊन पिऊन मी अशी टम्म, चिंता-बिंता कुठली बापा! डॉक्टर कधी येते एवढंच.

बजाजनगरवाली: माझं उलटं. ट्रिगरचं, म्हणजे बीज पिकवायचं शेवटचं इंजेक्शन रात्रीचं, हे घड्याळ धरून बसलेले. पिकअप त्यानंतर 34-36 तासांनी असते न, वेळ चुकून चालत नाही. त्यांनाच धीर द्यावा लागला. नवऱ्यांनाही बसवा समुपदेशनाला.

चाफा: हो!! आमचे तर पार्किंगमध्येच बसून राहिले.

अनामिका: मला अंग आवळून सोडायला शिकवलं होतं, आधी पावलं, मग पोटऱ्या, वर वर. भूलवाले डॉक्टर म्हणे, "काय करून राहिल्या?" पहिल्यांदा नाही राहिलं. पण मॅडमनी आधीच विचारून ठेवलं होतं, निगेटिव्ह आला तर संध्याकाळी कोणाजवळ असशील. आईकडे गेले. तिनं काही न विचारता गोळाभात वाढला.

संत्राबर्फी: अगं माय. जवळ असतीस तर मिठी मारली असती. गोळ्यात लसूण घालते का आई?

निशिगंध: आम्हाला समुपदेशक दिसलीच नाही. फॉर्मवर सह्या घेतल्या, झालं.

चाफा: मागायचं न! 2021 च्या एआरटी (आयव्हीएफसारख्या उपचारांच्या) कायद्यात समुपदेशन देणं क्लिनिकचंच काम आहे. रात्री फारच झालं तर टेलिमानस, मन मोकळं करायची सरकारी हेल्पलाइन, 14416. मराठीत बोलतात.

शेवंती: बहीण वाचून राहिली. विचारते, नेलपॉलिश काढू का?

बजाजनगरवाली: काढ म्हणा, बोटाला क्लिप लावतात.

अनामिका: लसूण नाही गं. वरून हिंग-लाल मिरचीचं कडकडीत तेल.