पिकोवरच्या गेमबॉयमध्ये चित्र तिरकं फाटतंय

सोल्डरवाली
भाचीसाठी हातात धरून खेळायचा गेम-डबा बनवतेय. आत रास्पबेरी पाय पिको हा बारका मायक्रोकंट्रोलर बोर्ड, एसपीआयवर (एकामागून एक बिट पाठवणारी जोडणी) आयएलआय९३४१ चिपचा डिस्प्ले, आठ बटणं, एक बारका स्पीकर. एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम, गेमबॉयचा. गेम चालतात, आवाज येतो, बटणं ऐकतात. पण पात्र धावायला लागलं आणि मागचं दृश्य सरकू लागलं की चित्र फाटतं. तेही आडवं नाही, तिरकं! एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत रेघ, तिच्या अलीकडे जुनी फ्रेम, पलीकडे नवी. उभा खांब मधोमध मोडल्यासारखा दिसतो. पात्र थांबलं की सगळं पुन्हा जागच्या जागी.

आधी वाटलं माझेच डोळे थकलेत. मग भाचीनेच विचारलं, "मावशी, काचेला तडा गेलाय का?"

एसपीआयला ४० मेगाहर्ट्झ सांगितलेत. एम्युलेटर एकेक ओळ हातात देतो, १६० पिक्सेलची, आणि मी ती आली तशी डिस्प्लेकडे ढकलते. चित्र मोठं केलेलं नाही, १६० बाय १४४च ठेवून ३२० बाय २४०च्या मधोमध बसवलंय. वायरी बदलून झाल्या, वीजपुरवठा बदलून झाला.

एक गंमत मात्र सांगायलाच हवी. कुठून तरी उचललेल्या इनिट कोडमध्ये (डिस्प्ले सुरू करणारा कोड) हेक्स (सोळा-आधारी आकडा) बी१ या कमांडचा दुसरा पॅरामीटर १८ होता. तो १एफ केला. रेघ गेली नाही, पण आधी नुसती थरथरायची ती आता निवांत सरकते, सेकंदाभरात एक फेरी मारते. हे सुधारलं म्हणायचं की बिघडलं?

जुनाखेळिया
वायरी आखूड करा. ब्रेडबोर्डवर ४० मेगाहर्ट्झ म्हणजे फार होतंय. आणि सेटिंगमध्ये व्हीसिंक (पडद्याच्या फेरीशी चित्र जुळवणं) असेल तर ते चालू करून बघा.

ओळमोजणी
वायरीचा दोष असता तर रंगीत ठिपके उडाले असते, नाहीतर पडदा पांढराफटक पडला असता. इतकी शिस्तीत कापलेली रेघ वायर काढत नाही. आणि पिकोवर व्हीसिंकचं बटण येणार कुठून, तिथे डिस्प्ले कधी काय दाखवतोय हे कुणी विचारतच नाहीये.

ताई, तुमच्या त्या गमतीतच उत्तर आहे. बी१ने पॅनलचा रिफ्रेश ठरतो, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा नव्याने काढायचा ते. १८ म्हणजे ७९ हर्ट्झ, १एफ म्हणजे ६१. गेमबॉय चालतो ५९.७३ वर. ७९ मधून ते वजा केले तर सेकंदाला एकोणीस फेऱ्या, म्हणून थरथर. ६१ मधून वजा केले तर सव्वा, म्हणून सरकणारी रेघ. हे आकडे डेटाशीटमधले, पॅनलचा आतला ऑसिलेटर (त्याचं घड्याळ) इतका काटेकोर नसतो, पण हिशोब जुळतोय. म्हणजे तुम्ही डिस्प्लेच्या मेमरीत लिहिताय आणि पॅनल तीच मेमरी स्वतःच्या चालीने वाचतंय. दोघं एकमेकांना ओलांडतात तिथे चित्र फाटतं.

मूळ गेमबॉयमध्ये हा प्रश्नच नव्हता. त्यात फ्रेमबफर (पूर्ण चित्र साठवणारी मेमरी) नाही, पिक्सेल तयार झाला की थेट पडद्यावर, आणि चित्र काढणारा नि पडदा दोघं एकाच घड्याळावर. ते भांडण आपण मध्ये मेमरी घालून विकत घेतलंय.

आता तिरकं का? आयएलआय९३४१ मुळात उभा आहे, २४० रुंद आणि ३२० उंच. तुम्ही हेक्स ३६ने दिशा फिरवून आडवा वापरताय. पण ती कमांड फक्त लिहिण्याची दिशा फिरवते, वाचण्याची नाही. तुम्ही वरून खाली लिहीत जाता, पॅनल मात्र तुमच्या दृष्टीने डावीकडून उजवीकडे वाचत जातं. एक खाली चाललाय, दुसरा आडवा, मग गाठ पडते ती कर्णावर.

तेव्हा पहिलं काम, लिहिण्याची दिशा पॅनलच्या वाचण्याशी जुळवा. ओळ आली की लगेच पाठवू नका, पूर्ण फ्रेम साठवा. १६० गुणिले १४४ गुणिले २ बाइट म्हणजे ४६,०८० बाइट. असे दोन बफर ठेवले तरी पिकोच्या २६४ केबीत आरामात बसतात. (पूर्ण ३२० बाय २४०चे दोन बसले नसते, चित्र मोठं केलं नाहीत ते बरंच झालं.) साठवतानाच आडव्याचं उभं करा: पिक्सेल "य गुणिले १६० अधिक क्ष" या जागी न ठेवता "क्ष गुणिले १४४ अधिक य" या जागी ठेवा. वेगळं फिरवत बसायची गरज नाही. हेक्स ३६ मूळ उभ्या दिशेवर आणा आणि पूर्ण बफर एकदम डीएमएने (प्रोसेसरला न गुंतवता) पाठवा.

दुसरं, पॅनल कुठवर वाचून झालंय हे विचारा. त्यासाठी टीई नावाची पिन असते, पण या १४ पिनांच्या मॉड्यूलवर ती बहुधा बाहेर काढलेलीच नसते. हेक्स ४५ने चालू ओळीचा आकडा वाचता येतो. वाचताना एसपीआयचा वेग ६ मेगाहर्ट्झच्या आसपास खाली आणा, डेटाशीटमध्ये वाचनाला तेवढाच वाव आहे. आकडा कुठून कुठे जातो ते आधी नुसतं छापून बघा, मग हिशोबात धरा. डिस्प्लेकडून डेटा परत आणणारी एसडीओ पिन कुठे जोडलीय?

सोल्डरवाली
एसडीओ कुठेच नाही. डिस्प्लेकडून काय ऐकायचंय, म्हणून सोडून दिली होती. आता जोडली.

बफर केला. पहिल्या फटक्यात सगळी अक्षरं आरशातली आली, "य"च्या जागी "१४३ वजा य" केल्यावर सरळ झाली. नुसत्या एवढ्याने तिरकी रेघ उभी झाली! मग हेक्स ४५ वाचून, पॅनल माझ्या चित्राच्या डाव्या कडेत शिरून वीसेक ओळी पुढे गेलं की पाठवायला सुरुवात केली. रेघ गायब. अर्धा तास एकच लेव्हल उजवीकडे धावत बसले.

आणि मग हाव सुटली. वेग छापून पाहिला तर ४० सांगूनही पिको ३१.२५ वरच चालत होता. सरळ ६२.५ केला. चित्राच्या जवळपास मधोमध उभी रेघ परत हजर, आता जराही न हलता. वेगाने पाठवल्यावर उलट बरं व्हायला हवं होतं ना?

ओळमोजणी
३१.२५चं कारण साधं आहे. १२५ मेगाहर्ट्झच्या घड्याळाला इथे सम आकड्यानेच भागता येतं. दोनने ६२.५, चारने ३१.२५, मधलं काही नाही. मागितलेल्याच्या वर तो जात नाही, म्हणून खालचा धरतो.

आता शर्यत बघा. ६१ हर्ट्झला पॅनलची फेरी १६.४ मिलिसेकंदांची. तुमचं चित्र ३२० पैकी १६० ओळींत आहे, म्हणजे त्यावरून जायला त्याला साधारण ८.२. तुमची फ्रेम ३,६८,६४० बिटांची. ३१.२५ला ती पाठवायला ११.८ लागतात. तुम्ही मागून निघता, पॅनलपेक्षा हळू चालता, त्याला गाठतच नाही, आणि ते फिरून यायच्या आत तुमचं संपलेलं असतं. ६२.५ला लागतात ५.९. मागून निघालात आणि पॅनलपेक्षा वेगाने धावलात, तर वाटेत ओलांडणारच. वीस ओळी म्हणजे एक मिलिसेकंद, तेवढ्या उशिराने निघून गाठ जवळपास मध्यावरच पडते.

६२.५ ठेवायचाच असेल तर पॅनल चित्राच्या उजव्या कडेतून बाहेर पडल्यावर निघा. परत यायला त्याला आणखी ८.२ लागतील, तुमचं काम ५.९ मध्ये उरकतं.

तालसूर
एक विचारू? फ्रेम आता पॅनलच्या तालावर जातेय, म्हणजे गेमही ६१ ने चालतोय का? मग आवाज दोन टक्के वर चढला असणार, अर्ध्या सुराच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. मूळ खेळाचं संगीत कानात बसलेल्याला ते कळतं. खेळ ५९.७३ वरच ठेवून सुमारे ४८ फ्रेमनंतर एक फ्रेम दुसऱ्यांदा दाखवा.

सोल्डरवाली
@ओळमोजणी, उजव्या कडेनंतर पाठवलं. ६२.५ वरही रेघ नाही.

@तालसूर, दोन्ही करून पाहिलं. फ्रेम दुसऱ्यांदा दाखवली की सरकत्या दृश्याला दर सेकंदाला बारीकसा आचका बसतो, आणि एकदा दिसला की मग दुसरं काही दिसतच नाही. आवाज चढलेला मला तरी कळला नाही. भाचीला न सांगता दोन्ही दिले, तिने चढलेला घेतला. मूळ खेळ तिने कधी ऐकलेलाच नाही, तिच्यासाठी हाच सूर खरा. आता तिची तक्रार बी बटण खालपर्यंत दाबलं जात नाही एवढीच आहे, ती फाइलने घासून मिटेल.