चकाकी मंदावली, पण कशामुळे?
धातू-सेंद्रिय जाळीची, म्हणजे धातूचे अणू सेंद्रिय रेणूंच्या दुव्यांनी जोडून बनवलेल्या एमओएफची, प्रकाश टाकल्यावर दिसणारी चकाकी रक्ताच्या नमुन्यात मंदावली की कर्करोगाचा दर्शक रेणू सापडला, असा निष्कर्ष काढला जातो; तो मला घाईचा वाटतो. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी तपासल्या जाणाऱ्या पीएसए या प्रथिनाचा रूढ उंबरठा मिलिलिटरमागे ४ नॅनोग्रॅम आहे, तर त्याच रक्तद्रवात अल्ब्युमिन हे दुसरे प्रथिन सुमारे ४० मिलिग्रॅम, म्हणजे कोटीपट असते; मग चकाकी त्यानेच मंदावली नसेल कशावरून? शिवाय इतर घटक उत्तेजक प्रकाश परस्पर शोषून घेत असल्याने पीएसए नसतानाही चकाकी उतरू शकते. त्यापेक्षा जाळीवर पीएसएलाच नेमके पकडणारे प्रतिपिंड (अँटिबॉडी) बसवून दोन तरंगलांबींवरील तीव्रतेचे गुणोत्तर मोजणे अधिक भरवशाचे. आणखी एक मेख म्हणजे, पाण्यात टिकाऊ म्हणून वाखाणलेली झिर्कोनियमची जाळीसुद्धा फॉस्फेट बफरमध्ये, म्हणजे आम्लता स्थिर राखणाऱ्या फॉस्फेटच्या द्रावणात, उसवू शकते, कारण फॉस्फेट झिर्कोनियमला घट्ट धरून सेंद्रिय दुव्यांना हुसकावते. आणि जैविक चाचण्यांत नेमका तोच बफर सर्रास वापरतात!