फ्लॅट विकलाच जात नाहीये, काय करू?

कोथरूडकर: वन बीएचके, तिसरा मजला, लिफ्ट नाही, १९९४ची बिल्डिंग. आठ महिन्यांत वीसेक लोक बघून गेले, सगळे "कळवतो" म्हणतात आणि गायब. मॉड्युलर किचन करून घेऊ का?

घरघर: किचनवर पैसे घालू नका हो, येणारा तोडूनच टाकतो. आधी बाथरूमची ओल थांबवा मग रंग, नुसता रंग फासलात तर पावसाळ्यात पोपडे परत हजर. माळ्यावरचं भंगार काढा, पिवळट ट्यूबा बदला.

मावशी_७२: पितृपक्षात तसंही कुणी घर बघायला येत नाही, त्या पंधरा दिवसांत उरका सगळं 😄

घरघर: आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), सोसायटीची एनओसी (ना-हरकत पत्र) काढून ठेवा, घेणाऱ्याच्या लोनला बँक मागते.

कोथरूडकर: ओल आहे खरी... कपाटामागे लपवलीये.