चाचण्यांतून लेखनाकडे

आकडे काढणारा मानसतज्ज्ञ कथा कशा लिहील, असं मला एकानं विचारलंय. लातूरला मुलांच्या चाचण्या घेऊनच मी लिहायला लागलो, मला हे वळण सरळ वाटतं. मानसतज्ज्ञ व्ही. व्ही. कामतांनी १९३४ साली मराठी-कानडी मुलांसाठी बेतलेल्या बिने-कामत बुद्धिचाचणीत बुद्ध्यंक निघतो. पण उत्तर येत असूनही पोरगं आधी बापाच्या तोंडाकडे बघतं, त्या बघण्याला गुण नसतात. माझं लक्ष तिथंच अडकायचं. टीएटी (थीमॅटिक ॲपरसेप्शन टेस्ट) या चाचणीत तर कार्डावरच्या चित्रावरून गोष्टच सांगायला लावतात, शिवाय एक कार्ड पूर्ण कोरं असतं. ते हातात आल्यावर बोलकी मुलंही गप्प होतात, मग हळूहळू घरचं बोलू लागतात. ते बोलणं गोपनीय, त्यातलं एक वाक्यही कथेत येता कामा नये. थांबून ऐकायची सवय मात्र मी तिथूनच घेतली.