'रिकॉन्स्टिट्यूट'ला मराठीत काय लिहावं?

घणसोलीकर: रबाळे एमआयडीसीतल्या एका लॅबसाठी सूचनापत्रक मराठीत करतोय. पेप्टाइडच्या (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्यांच्या) कुप्या हाताळणाऱ्या मदतनीसांनी वाचायचंय. लायोफिलाइज्ड, म्हणजे गोठवून सुकवलेली पावडर 'रिकॉन्स्टिट्यूट' करायची, म्हणजे द्रव घालून तिचं पुन्हा द्रावण करायचं, 'अ‍ॅलिक्वॉट' करून, म्हणजे मोजून छोट्या भागांत विभागून, उणे 20 अंशांवर ठेवायची. मी 'पुनर्गठन करा' लिहिलं, तर सुपरवायझर म्हणाला, "समिती नेमताय का?"

वर्तकनगर: 'विरघळवा' लिहा आणि मोकळे व्हा. पोरांच्या अँटिबायोटिकच्या पावडरीत आपण रेघेपर्यंत पाणी घालतो, तेव्हा कुठे पुनर्गठन करतो?

निवृत्त केमिस्ट: ते औषध विरघळत नाही हो, त्याचं निलंबन (सस्पेन्शन) होतं, कण नुसते तरंगत राहतात. म्हणून तर दर वेळी बाटली हलवून घ्यायची.

वर्तकनगर: निलंबन आमच्याकडे अभियंत्यांचं होतं :)

खारघरची: लॅबमध्ये आम्ही 'लायो केलेलं' म्हणतो आणि 'डिझॉल्व्ह कर' म्हणतो, काम अडत नाही. पत्रकात जपायला हवी ती हलवण्याची सूचना. मूळ इंग्रजीत 'शेक करू नका, स्वर्ल करा' असं असणार. मराठीत दोन्हीला 'हलवा' लिहिलंत की संपलं. 'गदागदा हलवू नका, फेस येतो. कुपी हळू गोल फिरवा' असं लिहा.

घणसोलीकर: हे घेतो. 'घोळवा' चालेल?

खारघरची: माझ्या आजीला कळेल. बिहारहून आलेल्या मदतनीसाला नाही.

निवृत्त केमिस्ट: लायोफिलाइज्डला 'शीतशुष्क' हा नेटका शब्द असताना 'लायो' कशाला? गोठवायचं, निर्वात करायचं, बर्फाची पाणी न होता थेट वाफ. म्हणजे संप्लवन.

मुलुंडपल्याड: संप्लवन नव्हे, ऊर्ध्वपातन. माझ्या पुस्तकात तसंच होतं.

निवृत्त केमिस्ट: तुमचं पुस्तक हिंदी असणार. हिंदीत ऊर्ध्वपातन म्हणजे सब्लिमेशन, डिस्टिलेशनला ते आसवन म्हणतात. मराठीत ऊर्ध्वपातन म्हणजे डिस्टिलेशन.

मुलुंडपल्याड: केंद्रीय विद्यालयात होतो, त्यामुळे हिंदीच. पण मग संस्कृतातून आणलेल्या शब्दांनी देशभर एकच परिभाषा होईल, हा शुद्धिवाद्यांचा दावा इथेच बुडाला की. दोन शेजारी भाषा, एकच शब्द, दोन वेगळ्या क्रिया.

निवृत्त केमिस्ट: म्हणून इंग्रजी घ्यायचं? ते तरी कुठे सरळ आहे? लायोफाइल म्हणजे ग्रीकमध्ये द्रावकाचा प्रेमी. सुकवलेला पदार्थ द्रावक अधाशासारखा ओढून घेतो, म्हणून ते नाव. त्यात थंडीही नाही, सुकणंही नाही. 'शीतशुष्क'मध्ये दोन्ही आहे. पेप्टाइडही ग्रीक 'पचलेलं'वरूनच, एमिल फिशरनं रुळवलेला शब्द.

वर्तकनगर: मग मराठीत 'पचित' करू या का?

निवृत्त केमिस्ट: थट्टा करा. 'संगणक'लाही अशीच केली होती.

घणसोलीकर: अ‍ॅलिक्वॉट राहिलं. 'समभाग'?

खारघरची: शेअर बाजार. 'वाटे करून ठेवा' लिहा. कोळणीकडे मांदेलीचे वाटे असतात ना, तसेच. एका वेळी एक काढायचा, म्हणजे सगळा साठा पुन्हापुन्हा गोठून वितळत नाही.

निवृत्त केमिस्ट: कोळीण वाटा नजरेनं घालते. इथे पिपेटनं मोजायचंय.

खारघरची: तिची नजर तुमच्या पिपेटपेक्षा पक्की असते, काका. बरं, घणसोलीकर, लेबलवरची 98 टक्के 'शुद्धता' नीट लिहा. एचपीएलसीत (घटक वेगळे करून मोजणाऱ्या चाचणीत) दिसलेल्या पेप्टाइडांपैकी 98 टक्के हवं ते, एवढाच तिचा अर्थ. त्या पावडरीत पाणी असतं, ट्रायफ्लुरोअ‍ॅसिटेटसारखा क्षार असतो, त्यामुळे वजनानं पेप्टाइड बरंच कमी भरतं. त्याला 'नेट पेप्टाइड' म्हणतात. 'शुद्धता' वाचून माणूस 1 मिलिग्रॅम पावडर म्हणजे जवळपास 1 मिलिग्रॅम पेप्टाइड धरतो आणि द्रावण पातळ होतं.

मुलुंडपल्याड: 'निव्वळ पेप्टाइड'. बघा, रोजच्या बोलण्यातला शब्द कसा चपखल बसला.

निवृत्त केमिस्ट: 'शुद्ध' संस्कृत आहे म्हणून ते अडलं, असं सुचवायचंय का?

मुलुंडपल्याड: मी काहीच सुचवत नाहीये. पण साखळीतल्या अमिनो आम्लाला, पाण्याचा रेणू गेल्यावर जे उरतं त्याला, तुमची परिभाषा 'अवशेष' म्हणते. 'दहा अवशेषांची साखळी' वाचून मला हडप्पा आठवतं.

निवृत्त केमिस्ट: रेसिड्यू म्हणजे तरी काय, उरलेलंच ना? यावर वेगळा धागा काढा. तिथे सविस्तर लिहितो.

घणसोलीकर: काढा, पण पत्रक उद्या द्यायचंय. 'विरघळवा' की 'शीतशुष्क' आणि 'संप्लवित'सकट सगळं?

वर्तकनगर: संप्लवित कुठून आलं आता?