अपाचे लोकांना 'लढवय्ये' म्हणून सोडून द्यायचं का?

रानजाई (धागाकर्ती)

भाचा नववीत आहे. परवा त्याला विचारलं, अपाचे म्हणजे काय रे? "बाइक," म्हणाला. मग, "हेलिकॉप्टर. आपल्या लष्कराकडे आलंय ते." अरे, माणसं आहेत ती, म्हटल्यावर लगेच म्हणाला, "हां, ते लढवय्ये!" त्याचा दोष नाही. मलाही बरीच वर्षं तेवढंच माहीत होतं. आता थोडं वाचल्यावर माझं मत असं झालंय की 'लढवय्ये' हा शब्द कितीही कौतुकाने वापरला तरी तो त्यांच्याशी लढणाऱ्यांचा शब्द आहे. त्यात त्या लोकांचं जगणं कुठेच येत नाही.

'अपाचे' हे नावही त्यांचं नाही. शेजारच्या झूनी नावाच्या आदिवासींच्या 'शत्रू' या अर्थाच्या शब्दावरून ते बहुधा स्पॅनिशांनी उचललं. ते स्वतःला 'न्दे' म्हणतात, म्हणजे माणसं. शेजारचे नवाहो त्यांचे भाषेने सख्खे. आणि याच कुळातल्या इतर भाषा थेट कॅनडा-अलास्कात बोलल्या जातात. म्हणजे उत्तरेकडून हजारो किलोमीटर खाली उतरून हे लोक आजच्या अ‍ॅरिझोना, न्यू मेक्सिको, टेक्सास आणि उत्तर मेक्सिकोत पसरले.

वर्षभर ते डोंगर-दरीत ऋतूप्रमाणे वर-खाली करत. काही गट ओढ्याकाठी थोडा मका लावत. बाकी शिकार, ओकची फळं, पिन्यॉन पाइनच्या बिया, मेस्कीटच्या शेंगा. पण खरं पोटाला आधार अगावेचा. आपल्याकडे शेताच्या बांधाला घायपात असते ना, तिच्याच कुळातली ही वनस्पती. बायका टोकदार लाकडाने तिचा गड्डा उपटून काढत आणि पानं छाटत. मोठा खड्डा खणून त्यात दगड तापवत, त्यावर हे गड्डे रचत, वरून ओलं गवत आणि माती. एक-दोन दिवसांनी खड्डा उघडला की गोड, धुरकट वासाचा गर. तो कुटून, थापून, वाळवून महिनोन्‌महिने पुरवायचा. या अगावेचंच दुसरं नाव मेस्कल, त्यावरूनच स्पॅनिशांनी एका गटाला 'मेस्कालेरो' म्हटलं. लग्नानंतर नवरा बायकोच्या माणसांत राहायला जाई. झोपडी बायका बांधत. जावई आणि सासू एकमेकांसमोर येत नसत, भांडण म्हणून नाही, मान म्हणून. पाण्याची भांडी म्हणजे विणलेल्या टोपल्या, आतबाहेर पाइनचा डिंक फासून पाणी धरणाऱ्या.

आणि मुलगी न्हाती झाली की चार दिवसांचा सोहळा. पहाटे पूर्वेकडे तोंड करून ती तासन्‌तास नाचते, तिच्यावर पाणकणसाचे पिवळे पराग उधळतात. त्या दिवसांत तिच्या अंगी आदिमातेची शक्ती असते, म्हणून लोक तिच्याकडून आशीर्वाद घेतात. आपल्याकडेही न्हाणवलीला मखरात बसवायचे, पण चार दिवस तिला शिवायचं नाही, आणि इथे तिच्या स्पर्शासाठी रांग. मी हे वाचून कितीतरी वेळ नुसती बसून राहिले होते.

हे सगळं 'लढवय्ये' या एका शब्दात कुठे मावतं?

सह्यकडा

रानजाई, लेखन आवडलं, मत अजिबात पटलं नाही. तुम्ही धाड हा विषयच वगळला आहे. अपाच्यांच्या अर्थव्यवस्थेत धाडीला स्थान होतं आणि त्यात त्यांना काही लपवायचं नव्हतं. पश्चिमेकडच्या अपाच्यांच्या भाषेत दोन वेगळे शब्दप्रयोग आहेत: एक शत्रूचा माल शोधायला जाण्यासाठी, दुसरा मेलेल्या नातलगाचा सूड घ्यायला जाण्यासाठी. मालासाठी गेलेली टोळी छोटी असे, लढाई टाळे, घोडे-खेचरं-गुरं घेऊन परते. सूडाची मोहीम वेगळी, मोठी.

उत्तर मेक्सिकोच्या सोनोरा आणि चिवावा प्रांतांतली खेडी यात कित्येक पिढ्या होरपळली. त्या खेड्यांतही मुलं होती. जे स्वतः वेगळे शब्द ठेवण्याइतकं गांभीर्याने हे करत होते, त्यांच्याकडून त्यांचं लढणं काढून घेणं हाही एक अन्यायच आहे. हा आदर नाही.

माणदेशी

सह्यकडा, होरपळ दोन्हीकडे होती हे मान्य. पण चिवावाच्या सरकारने १८३७ मध्ये अपाच्यांच्या टाळूच्या कातडीला बक्षिसाचा दर लावला होता: पुरुषाचे १०० पेसो, बाईचे ५०, मुलाचे २५. मुलाचाही दर ठरवणाऱ्या सरकारला आपण 'होरपळलेलं' म्हणणार का? अपाच्यांचा तो प्रसिद्ध लढवय्या जेरोनिमो पुरुषमंडळींबरोबर चिवावातल्या जानोस गावात व्यापाराला गेला असताना मेक्सिकन सैनिकांनी मागे छावणीवर हल्ला केला. आई, बायको, तीन मुलं, सगळी गेली. साधारण १८५० च्या सुमाराची गोष्ट. त्यानंतरचा जेरोनिमो सगळ्यांना माहीत आहे, त्याआधीचा कुणालाच नको असतो.

मला लिहायचं होतं ते वर्ष १८७१ बद्दल. ३० एप्रिल १८७१. अ‍ॅरिझोनात कॅम्प ग्रँटजवळ आरावाइपा अपाचे लष्कराच्या आश्रयाला येऊन राहिले होते. टूसॉनहून गोरे, मेक्सिकन आणि तोहोनो ओओधाम या दुसऱ्या आदिवासी लोकांचा जमाव पहाटे आला. शंभराहून जास्त माणसं मारली, जवळजवळ सगळ्या बायका आणि मुलं, कारण पुरुष शिकारीला गेलेले. मुलं पळवून नेली. खटला उभा राहिला, शंभर आरोपी. ज्यूरीने १९ मिनिटांत सगळ्यांना सोडलं.

त्याच वर्षी, ऑक्टोबरमध्ये, आपल्याकडे इंग्रजांनी अख्ख्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा गुन्हेगार जमाती कायदा केला. माझे आजोबा तारेच्या कुंपणातल्या वसाहतीत वाढले. रोज हजेरी. गावाला जायचं तर पास. अ‍ॅरिझोनात सान कार्लोसच्या, आदिवासींसाठी राखलेल्या क्षेत्रात अपाच्यांना शिधा घेताना गळ्यात नंबर कोरलेला पत्र्याचा बिल्ला दाखवावा लागे, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आजोबांचा आवाज ऐकू आला. "हजर, साहेब." म्हणून मी रानजाई ताईंच्या बाजूने आहे. 'लुटारू' आणि 'लढवय्ये' हे दोन्ही शिक्के एकाच टेबलावरून मारले जातात.

सह्यकडा

माणदेशी, तुमच्या आजोबांबद्दल वाचून गलबलून आलं. तरीही सांगतो, शिक्का सारखा म्हणून इतिहास सारखा होत नाही. अपाचे हे स्वतःचा मुलूख असलेले स्वतंत्र लोक होते. स्पेन, मग मेक्सिको, मग अमेरिका, अशा तीन सत्तांना ते पुरून उरले. आपल्याकडच्या भटक्या जमातींना तर गावगाड्याच्या आत राहून गुन्हेगार ठरवलं गेलं. ही दोन दुःखं एकत्र केली की दोन्ही पुसट होतात.

तुलनाच करायची तर मला खानदेशातली भिल्ल पलटण आठवते. १८२५ मध्ये आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने भिल्लांनाच भरती करून भिल्लांचं बंड मोडलं. अमेरिकी लष्कराने हेच केलं, अपाच्यांना शोधायला अपाचे स्काउट, म्हणजे माग काढणारे, ठेवले. ४ सप्टेंबर १८८६ ला स्केलेटन कॅन्यनमध्ये जेरोनिमो शरण आला तेव्हा त्याच्यासोबत चाळीसही माणसं नव्हती. मागावर ५००० सैनिक, म्हणजे अमेरिकी फौजेचा जवळपास चौथा हिस्सा. आणि ज्या दोन अपाच्यांनी त्याच्यापर्यंत पोहोचून निरोप दिला, त्या मार्तीने आणि काइता यांनाही कैदी म्हणून फ्लोरिडाला पाठवलं. इतर स्काउटनाही. फ्लोरिडा, अलाबामा, ओक्लाहोमा, २७ वर्षांची कैद. तिथे जन्मलेली मुलंसुद्धा युद्धकैदी. हा इतिहास लढाईशिवाय सांगून दाखवा.

ओकसावली

मी बारा वर्षं फीनिक्सजवळ राहते. वरच्या सगळ्या प्रतिसादांत क्रियापदं भूतकाळी आहेत, ते मला खटकलं.

इथून पूर्वेला गाडीने तास-सव्वा तासावर ओक फ्लॅट आहे. अपाचे नाव ची'चिल बिल्दागोतील. ओकची झाडं, मोठाल्या शिळा. रानजाईंनी लिहिलेला तो न्हाण्याचा सोहळा तिथे होतो, ओकची फळं अजून वेचली जातात. जमिनीखाली तांबं आहे. डिसेंबर २०१४ मध्ये संरक्षण खर्चाच्या विधेयकात एक कलम घालून ही जागा खाणकंपनीला द्यायचं ठरलं. ज्या पद्धतीने खाण होणार आहे तिने वरची जमीन खचून सुमारे तीन किलोमीटर रुंद आणि तीनशे मीटर खोल खड्डा पडेल. अपाच्यांनी धर्मस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर दावा लावला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो ऐकायला नकार दिला. सोहळ्यावर एकेकाळी सरकारी बंदी होती. १९७८ मध्ये आदिवासींच्या धर्मस्वातंत्र्याचा कायदा झाला. आता सोहळा करता येतो, पण जागाच राहिली नाही तर?

रानजाई, तुमच्याशी एका बाबतीत मतभेद आहे. सान कार्लोसमधल्या, वणवे विझवणाऱ्या नामांकित तुकडीचं नाव 'जेरोनिमो' आहे. ते त्यांनी अभिमानाने घेतलंय. २०११ मध्ये बिन लादेनला मारायच्या अमेरिकी मोहिमेत 'जेरोनिमो' हा सांकेतिक शब्द वापरला गेला तेव्हा मात्र ओक्लाहोमातल्या फोर्ट सिलच्या अपाच्यांनी माफीची मागणी केली. नाव तेच आहे. ते कुणाच्या तोंडी आहे, यावर सगळं ठरतं.

रानजाई

ओकसावली, ती तुकडी मला माहीत नव्हती. माझं म्हणणं थोडं बदलते: शब्द त्यांचाही आहे.

सह्यकडा, तुम्ही लढाईशिवाय सांगून दाखवा म्हणालात, ते मला जमणार नाही, हे कबूल. लोझेनचं उदाहरण घ्या. व्हिक्टोरियो या अपाचे प्रमुखाची बहीण. हात पसरून प्रार्थना करत गोल फिरायची आणि शत्रू कुठल्या दिशेला आहे ते सांगायची, असं तिचे लोक सांगत. भावाबरोबर लढली, १८८० मध्ये तो मेक्सिकोत त्रेस कास्तिल्योसला मारला गेला, मग ही जेरोनिमोबरोबर. अलाबामाच्या कैदेत क्षयाने गेली. तिला लढवय्यी म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? पण तिच्या त्या प्रार्थनेला आणि मुलीवर उधळलेल्या परागांना मूळ एकच आहे. मला ते तुटलेलं नको आहे, एवढंच.

सह्यकडा

एवढ्याला माझी हरकत नाही. पण भाच्याला सांगताना सोनोरातल्या खेड्यांचंही सांगा.

रानजाई

सांगेन. रविवारी येतोय तो. अगावेच्या खड्ड्यापासून सुरुवात करणार आहे, मग धाडी, मग जानोस. माणदेशी दादा, बिल्ल्यांबद्दल आणि तुमच्या आजोबांबद्दल सांगितलं तर चालेल का?

माणदेशी

सांगा ताई. हजेरी सकाळ-संध्याकाळ असायची, हेही सांगा.